गळाला लागलेला इतिहास

मी मूळचा मालवणाकडच्या एका गावचा. आमच्याकडे मासा म्हणजे समुद्राचा. बांगडा, सुरमई, पेडवे, सौंदाळे. नदीतळ्यातल्या माशाचं नाव काढलं की आमची आजी नाक मुरडून म्हणायची, ‘तो मातकट मासो माझ्या टोपात नको!’ त्या आजीचा हा नातू वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, गढूळ चहासारख्या दिसणाऱ्या एका तलावावर, मिशीवाल्या माशाच्या मागे अख्खी सकाळ फिरला. फिरला आणि परत आला तो थोडा इतिहास घेऊन. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

मुलगा मेम्फिसला नोकरीला. तिथून गाडीने तासाभरावर, दक्षिणेला, सार्डिस नावाचा तलाव आहे. मुलाच्या गल्लीत कित्येक वर्षं टपाल वाटणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर त्याचे मित्र झाले. कृष्णवर्णीय, उंच, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. दुसरा मित्र नागपूरचा एक तरुण इंजिनियर. जुलै महिन्यात या तिघांनी मला होडीत घातलं. ‘काका, ऊन लागेल, टोपी घ्या,’ असं नागपूरच्या माणसाने मला सांगावं, म्हणजे तिथल्या उन्हाची कल्पना येईल.

होडी सपाट, चौकोनी. मागच्या बाजूला आठ काठ्या पंख्यासारख्या लावलेल्या. प्रत्येक काठीच्या तंगुसाला एकेक प्लास्टिकचा मासा. बोटभर लांब, पोट फुगलेलं, डोळे रंगवलेले, नाकापुढे पारदर्शक जीभ बाहेर काढलेली. याला तिकडे क्रँकबेट म्हणतात. तो पाण्यात सोडायचा, शंभरएक फूट दोरी जाऊ द्यायची आणि होडी सावकाश चालवत राहायची. किती सावकाश? ताशी तीन किलोमीटर. म्हणजे काकड आरतीला निघालेल्या म्हाताऱ्याची चाल. या प्रकाराला म्हणतात ट्रोलिंग. आजच्या मुलांना हा शब्द वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. पण आमिष टाकून कोण चावतंय ते पाहत फिरणं, हा माशांचा अर्थ त्याहून खूप जुना. १६८२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट नॉब्ज नावाच्या गृहस्थांनी ‘द कम्प्लीट ट्रोलर’ असं पुस्तकच लिहिलं होतं. त्यांचं सगळं लक्ष पाइक या शिकारी माशावर होतं.

पण शिंगाळ्याच्या जातीचा मासा, ज्याला तिकडे कॅटफिश म्हणतात, तो असल्या खोट्या माशाला कसा फसेल, हा माझा प्रश्न होता. कारण कॅटफिश म्हणजे तळातला, चिखलातला, कुजकं-नासकं खाणारा, अशीच माझी समजूत. अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या हीच समजूत आहे. तिथे कॅटफिशसाठी जी आमिषं विकतात, त्यांचं कौतुक त्यांच्या दुर्गंधीवर ठरतं. त्याला कारणही आहे. या माशाच्या मिशांवरच नव्हे, तर साऱ्या अंगावर चव घेणाऱ्या कळ्या असतात, लाखाच्या वर. सबंध देहच जणू जीभ. मग ज्याला ना वास ना चव, असं प्लास्टिक तो का तोंडात घेईल?

पोस्टमनसाहेब हसले. म्हणाले, ‘लोक त्याला भंगारवाला समजतात. तो शिकारी आहे. उन्हाळ्यात तलावाच्या तळाशी प्राणवायू उरत नाही. मग बारके मासे मधल्या पाण्यात थवे करून फिरतात, आणि हा त्यांच्या मागे लागतो. त्याला दिसावं लागत नाही. त्याला कळतं.’

हे कळणं कसं, ते नंतर वाचलं. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेघ असते. पाण्यातली थरथर ती टिपते. कॅटफिशच्या कानाला तर हवेच्या पिशवीशी जोडणारी बारीक हाडांची साखळीही असते, त्यामुळे त्याचं ऐकणं तीक्ष्ण. आता त्या प्लास्टिकच्या माशाची जीभ आठवा. होडी ओढू लागली की पाणी त्या जिभेवर दाबतं, मासा खाली बुडी मारतो आणि डावीकडे-उजवीकडे अंग हलवत पळू लागतो. ओढणं थांबलं की पुन्हा वर तरंगतो. जीभ जितकी मोठी आणि दोरी जितकी लांब, तितकी बुडी खोल. ही जी अंग हलवण्याची थरथर, ती जखमी माशाची थरथर. गढूळ पाण्यात कॅटफिशला ऐकू येते ती तीच.

ही जखमी थरथर लाकडात कोरणारे जे लोक होते, त्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेत १८५२ साली ज्युलिओ ब्युएल यांनी धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचं पेटंट घेतलं. त्यांच्या हातून खाण्याचा चमचा तळ्यात पडला आणि तो तळाशी जायच्या आत माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. मिशिगन राज्यात डोवाजिॲक नावाचं गाव आहे. तिथे जेम्स हेडन हे मधमाश्या पाळणारे आणि वर्तमानपत्र चालवणारे गृहस्थ राहत. मित्राची वाट पाहत तळ्याकाठी बसले असताना त्यांनी चाळा म्हणून एक लाकूड तासलं, पाण्यात फेकलं आणि माशाने ते उडवलं, अशी कथा गावात सांगतात. कथा कितीही खरी-खोटी असो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या कारखान्यातून लाकडी मासे देशभर जाऊ लागले, हे खरं.

पण मला मनापासून आवडले ते फिनलंडचे लाउरी रापाला. जन्म १९०५. गरिबी इतकी, की मासेमारी आणि लाकूडतोड यांवर घर चालवायचं. पाय्यान्ने नावाच्या मोठ्या सरोवरात ते वल्हवत फिरत. त्यांनी एक गोष्ट पाहिली. बारक्या माशांच्या थव्यावर मोठा मासा तुटून पडतो तेव्हा तो कुणालाही धरत नाही. थव्यातला जो एक किंचित तिरका, किंचित डळमळत पोहतो, त्यालाच नेमका धरतो. १९३६ साली त्यांनी बुचाचं लाकूड चांभाराच्या सुरीने कोरलं. वरून चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. पाणी आत जाऊ नये म्हणून छायाचित्रांच्या निगेटिव्हा वितळवून त्याचा लेप दिला. आणि वल्हवणाऱ्या होडीमागे तो सोडून, पुन्हा पुन्हा कोरून, ती नेमकी डळमळ साधली. म्हणजे ट्रोलिंग हीच त्यांची प्रयोगशाळा.

पुढे १९५९ साली मिनिॲपोलिसचे रॉन वेबर यांच्या हाती हा मासा लागला. मग ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला. नेमका तो अंक मेरिलिन मन्रोच्या निधनानंतरचा. मुखपृष्ठावर ती. अंक घरोघरी गेला आणि तिच्याबरोबर रापालांचा मासाही. मागणी इतकी आली, की फिनलंडमधलं ते घरगुती काम तिला पुरं पडेना. पोस्टमनसाहेब तेव्हा चौदा वर्षांचे. म्हणाले, ‘तो अंक आमच्या घरी नव्हता. आई ज्यांच्याकडे कामाला जायची, त्यांच्याकडे होता.’

आमच्या काठ्यांवरचा फुगीर मासा मात्र त्याच्या पुढच्या पिढीतला. टेनेसीतले फ्रेड यंग यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसल्या बसल्या बाल्सा लाकडाचा एक गुबगुबीत मासा कोरला. आपल्या धिप्पाड भावाच्या नावावरून त्याला नाव दिलं ‘बिग ओ’. तो हाताने कोरलेला मासा मिळणं इतकं दुर्मीळ, की स्पर्धेतले लोक तो दिवसाच्या भाड्याने घेत. १९७० च्या दशकात त्याची प्लास्टिकची आवृत्ती निघाली आणि क्रँकबेट घरोघरी झाला.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, असं मात्र समजू नका. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक आहे. पण त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला काय खाऊ घालावं, काठी कशी, दोरी कशाची, गळ कसा, हे सगळं त्यात सांगितलं आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. म्हणजे नॉब्जसाहेबांच्या साडेपाचशे वर्षं आधी आपल्या दख्खनमध्ये एक राजा पाण्याकाठी काठी घेऊन बसत होता. अर्थात, राजाला कोणत्याही काठावर बसता येतं.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. त्याचं कारण आता सांगतो.

साडेनऊच्या सुमाराला डावीकडची तिसरी काठी एकदम वाकली. कातड्याचा पट्टा फाटावा तसा रिळाचा आवाज आला. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही घ्या.’ दहा मिनिटं त्या माशाने मला घाम फोडला. खाली, खाली, सारखा खाली. शेवटी पृष्ठभागाशी आला तेव्हा करड्या निळसर रंगाचा, पांढऱ्या पोटाचा, मिशा फेंदारलेला, असेल चारेक किलोचा. जाळीतून होडीत घेतला. नागपूरचा मित्र त्याला धरायला गेला आणि मी ओरडलो, ‘अरे, काटा!’

या साऱ्या गोत्राच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे दणकट काटे असतात. लागले की हात सुजून ठणकतो. मी हात ओला केला, तळवा माशाच्या पोटाखालून पुढे सरकवला, दोन बोटांच्या बेचक्यात बाजूचे काटे मागून अडकवले आणि मासा उचलला. मासा गप्प झाला. पोस्टमनसाहेब माझ्या हाताकडे पाहत राहिले. म्हणाले, ‘ही आमच्याकडची पकड आहे. तुम्हाला कुणी शिकवली?’

मी म्हणालो, ‘लहानपणीच्या एका मित्राने.’

आणि मग बराच वेळ मला काही बोलता आलं नाही. ते का, ते कळायला आधी त्या तलावाचा इतिहास सांगायला हवा.

सार्डिस हे काही नैसर्गिक सरोवर नाही. ते धरण आहे. आणि ते एका महापुरामुळे बांधलं गेलं. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदी अशी चढली, की तिच्यावरचे मातीचे बांध एकामागून एक फुटू लागले. २१ एप्रिल १९२७ रोजी ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंग इथला बांध फुटला. त्या पुरात एकंदर सात राज्यांतला सुमारे सत्तावीस हजार चौरस मैल मुलूख पाण्याखाली गेला. सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिलला हजारो लोक बांधाच्या माथ्यावर चढून बसले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पूर, मध्ये काही फूट रुंदीची माती. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, कापसाच्या मळ्यांवर राबणारे. गोऱ्यांना नेण्यासाठी बोटी आल्या. काळ्यांना मात्र तिथेच ठेवलं गेलं. मजूर निघून गेले तर परत येणार नाहीत आणि कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांची भीती. बांधावर बंदुकधारी पहारा होता. मदतीचं धान्य मिळवायचं तर काम करावं लागे. मदतकार्याचे प्रमुख होते हर्बर्ट हूवर. या कामाने त्यांचं नाव झालं आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

पोस्टमनसाहेबांची आई तेव्हा सात वर्षांची होती. बांधावरच्या तंबूत. तिला पुढे आयुष्यभर वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नसे, म्हणून ते घरातला नळसुद्धा हळू सोडत, असं त्यांनी सांगितलं. एवढंच. जास्त काही नाही.

त्या पुरानंतर १९२८ आणि १९३६ साली पूरनियंत्रणाचे मोठे कायदे झाले. याझू नदीच्या उगमाकडच्या ओढ्यानद्यांवर चार धरणं बांधायचं ठरलं. त्यातलं पहिलं सार्डिस. लिटल टॅलाहाची नदीवरचा हा मातीचा बांध १९४० साली पुरा झाला. लांबी साडेचार किलोमीटरच्या वर. बांधताना पाणी मिसळलेली माती मोठाल्या नळांतून पंपाने आणून ओतली. तलाव तुडुंब भरला की दूरवर पसरतो. हिवाळ्यात मात्र वसंतातल्या पुराला जागा करून ठेवण्यासाठी तो इतका उपसतात, की थोडाच हिस्सा उरतो. मग तळ उघडा पडतो, जुन्या झाडांचे बुंधे वर येतात. हे ऐकताना मला उजनी आठवलं. तिथेही पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होड्या करून पाहायला जातात. धरण म्हणजे पाण्याने झाकलेलं गाव, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

या तलावाच्या दरवाजांतून सुटलेलं पाणी खाली जाऊन टॅलाहाची नदीत मिळतं. त्याच नदीत ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं. शिकागोहून सुट्टीत नातेवाइकांकडे आलेला काळा मुलगा. दुकानातल्या गोऱ्या बाईशी अदबीने वागला नाही, एवढ्या आरोपावरून त्याला घरातून उचलून नेऊन मारलं. प्रेत दिसलं ते नदीवर मासे धरायला गेलेल्या एका तरुणाला. बारा गोऱ्या ज्यूरींनी तासाभरात आरोपींना निर्दोष ठरवलं. पोस्टमनसाहेब तेव्हा सात वर्षांचे. ‘त्यानंतर दोन वर्षं,’ ते म्हणाले, ‘आईने मला नदीवर जाऊ दिलं नाही.’

कोणत्या पाण्यावर कुणी जायचं, हा त्या राज्यात तेव्हा साधा प्रश्न नव्हता. पोहण्याचे तलाव वेगळे, बागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. बिलॉक्सी इथल्या समुद्रकिनाऱ्यावर काळ्यांना मज्जाव होता. १९५९ पासून डॉक्टर गिल्बर्ट मेसन यांच्या पुढाकाराने लोक तिथल्या पाण्यात शांतपणे उतरू लागले. एप्रिल १९६० मध्ये त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. समुद्र कुणाच्या मालकीचा असतो का? पण तो किनारा सर्वांसाठी खुला आहे, हे ठरायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

मंडळी, हे ऐकताना कोकणातल्या माणसाला काय आठवावं? महाड आठवतं. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मानला. तरी तळं कागदावरच खुलं राहिलं. मग २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तारखा पुन्हा पाहा. २० मार्च १९२७ ला महाड, २१ एप्रिल १९२७ ला माउंड्स लँडिंग. एका महिन्याचं अंतर. एकीकडे माणसांना पाण्याला शिवू दिलं जात नव्हतं, दुसरीकडे माणसांना पाण्यातून बाहेर पडू दिलं जात नव्हतं. या दोन घटनांचा आपापसात काही संबंध नाही. पण त्या होडीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचा मात्र दोन्हींशी होता.

आमच्या गावात एक तळं होतं. त्याला दोन घाट. वरचा घाट गावाचा, खालचा बौद्धवाडीचा. १९६० च्या आसपासची गोष्ट. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा होऊन पाच वर्षं झाली होती, शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, तरी घाट दोनच होते. खालच्या घाटावर माझ्या वर्गातला एक मुलगा बांबूच्या काठीने गरवायला बसायचा. त्याला मासे लागत, मला लागत नसत. म्हणून शाळा सुटली की मी खाली जायचो. त्या तळ्यात शिंगट्या फार. पहिल्याच दिवशी मला काटा लागला आणि मी रडलो. त्याने माझा हात धरून ती पकड शिकवली. पोटाखालून तळवा, बेचक्यात काटे. ‘घट धरू नको. घट धरलंस तर तो उसळता,’ तो म्हणाला होता. पावसाळा संपेपर्यंत मी तरबेज झालो.

चौसष्ट वर्षं मी ही आठवण बालपणीच्या मैत्रीची एक गोड गोष्ट म्हणून सांगत आलो. मी खाली जात होतो, हे माझं मोठेपण असंही मला आतून वाटत असावं. पण पोस्टमनसाहेबांनी ‘कुणी शिकवली?’ असं विचारलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की रोज मीच खाली जायचो. तो एकदाही वर आला नाही. पावसाळ्यात सांडव्याच्या तोंडाशी, वरच्या घाटाखाली, मोठे मासे असत. ते त्यालाही ठाऊक होतं. मी त्याला कधी ‘चल, वर जाऊ’ म्हणालो नाही. तोही कधी म्हणाला नाही. दहा वर्षांची मुलं होतो, पण आम्हा दोघांनाही सगळं कळत होतं.

हे मी त्या होडीत सांगितलं. मुलाने बापाकडून हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पोस्टमनसाहेब काठीची दोरी नीट करत होते. म्हणाले, ‘माझाही एक गोरा मित्र होता. त्याच्या घराच्या मागच्या दाराशी मी त्याला हाक मारायचो. पुढच्या दाराशी कधी नाही.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘मासे मात्र त्याने मला बरे दाखवले.’ एवढं बोलून त्यांनी होडी वळवली.

या माशाचाही इतिहास तसाच आहे. दक्षिणेत कॅटफिश हे गरिबांचं अन्न. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी नदीतून फुकट आणायचं. प्रतिष्ठित माणसाच्या ताटात तो शोभत नसे. १९६० च्या दशकात मात्र मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांत चौकोनी तळी खोदून लोक तो पाळू लागले. बेल्झोनी गाव स्वतःला जगाची कॅटफिश राजधानी म्हणवू लागलं. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २५ जून हा राष्ट्रीय कॅटफिश दिवस जाहीर केला. २००२ साली तर व्हिएतनामच्या माशाशी स्पर्धा नको म्हणून अमेरिकन कुळातल्या माशालाच ‘कॅटफिश’ म्हणावं, असा कायदा झाला. ज्याचं नाव घ्यायला लोक लाजत, त्या नावासाठी भांडण. तो व्हिएतनामी मासा म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतला ‘बासा’. आजीने नाक मुरडलेला मासा आपण पैसे मोजून खातो आहोत, हे लक्षात असू द्या.

दुपारपर्यंत सहा मासे मिळाले. दोन लहान होते, ते सोडले. संध्याकाळी पोस्टमनसाहेबांच्या घरी त्यांच्या पत्नीने मक्याच्या पिठात घोळवून ते तळले. सोबत कोबीचं कोशिंबिरीसारखं काहीतरी आणि तिखट मिरचीचं पाणी. पहिला घास घेताना मी आजीचं स्मरण केलं. मासा मातकट नव्हता. गोडसर, पांढरा, मऊ. ‘कसा आहे?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘आमच्या आजीचं चुकलं.’ मुलाने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या.

परत आल्यावर दिवाळीला गावी गेलो. तो मित्र मुंबईच्या गोदीत नोकरी करून निवृत्त झाला होता आणि काही वर्षांपूर्वी वारला, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत मी विचारपूसही केली नव्हती. त्याचा मुलगा गावातल्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्या घरी गेलो. सांगितलं, तुझ्या वडिलांनी शिकवलेली पकड मिसिसिपीत उपयोगी पडली. त्याला आधी काही उमगलं नाही. मग सगळं सांगितलं, वरच्या घाटासकट. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, ‘बाबा तळ्याबद्दल बोलायचे. तुमच्याबद्दल मात्र कधी बोलले नाहीत.’

आम्ही दोघं तळ्यावर गेलो. आता घरोघरी नळ आहेत. दोन्ही घाटांवर शेवाळ साचलं आहे, पायऱ्या सुटल्या आहेत. तो पुढे होता. वरच्या घाटाच्या पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून त्याने मागे वळून मला हात दिला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)